मूत्रपिंडाचं निरूपण

चैत्रातल्या नवरात्रात सरलाताईंनी नऊ दिवसांत नऊ कीर्तनं केली, आणि दशमीला सकाळी त्यांना लघवीच झाली नाही.

आता ही गोष्ट सांगायची तरी कुणाला, आणि कोणत्या तोंडानं? त्यांनी पूजा आटोपली, नैवेद्याचा वरणभात केला, मंडळाकडून आलेला हार देवाला घातला. दुपारपर्यंत दोनदा न्हाणीघरात जाऊन आल्या. चार थेंब, तेही कोऱ्या चहासारखे. संध्याकाळी पायांतली जोडवी रुतायला लागली, पोटात ढवळून आलं, आणि त्या देवघराच्या उंबऱ्यावरच भिंतीला टेकून बसल्या. तेव्हा कुठे श्यामकांतरावांनी सुनेला फोन लावला.

श्यामकांत केळशीकर खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होते. दोनदा बदली होऊन कोलकात्याबाहेर गेले आणि दोनदा परत आले. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता तिसऱ्यांदा सामान बांधायला मी काही उठत नाही. मुलगा अजेय इथेच नोकरीला लागला होता, सून सुरुची मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवत होती, तेव्हा सगळ्यांनी मिळून बेहाला भागात फ्लॅट घेतला. शहरातल्या मराठी मंडळात केळशीकरांची ओळख एकच: सरलाताईंचं कीर्तन आणि श्यामकांतरावांची पेटी.

सुरुचीनं फोनवर दोनच प्रश्न विचारले. "शेवटची लघवी कधी झाली? रंग कसा होता?"

"अगं, मला काय ठाऊक? मी काय तिच्या मागे—"

"बाबा, टॅक्सी बोलवा. मी परस्पर हॉस्पिटलात पोचते."

हॉस्पिटलात रक्त तपासलं. क्रिएटिनीन चार पूर्णांक एक. असावं साधारण एकच्या आत. मूत्रपिंडाच्या डॉक्टर नीलांजना सान्याल म्हणून होत्या, पन्नाशीच्या, केस कापलेल्या, बोलायला गोड आणि नजरेला धारदार. त्यांनी खाटेवर टेकून सरलाताईंचा हात हातात घेतला आणि बंगाली रीतीनं मावशी म्हणून हाक मारली.

"माशिमा, पानी कितना पीती हैं?"

"भरपूर," सरलाताई म्हणाल्या.

"कोई दवा? दर्द की गोली, जडीबूटी, कुछ भी?"

"काही नाही."

शेजारी उभे असलेले श्यामकांतराव घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टर, तसं पाहिलं तर कीर्तनाच्या दिवशी ही—" सरलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं पेटीवर बसलेल्या माणसाला ती नजर कळते. सूर चुकला की अशीच नजर येते. श्यामकांतराव गप्प झाले.

ते काय सांगणार होते, ते वाचकांना सांगायला हवं. सरलाताई कीर्तन शिकल्या मिरजेच्या शरच्चंद्रबुवांकडे. बुवा कडक. नारदांच्या गादीवर एकदा उभं राहिलं, गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला, की मंगलारती होईपर्यंत ती जागा सोडायची नाही, हा त्यांचा दंडक. मध्येच उठून जाणाऱ्या कीर्तनकाराला ते "पाहुणा" म्हणायचे. तरुण सरलानं एकदा भीत भीत विचारलं होतं, बुवा, बाईमाणसाला अडचण असते. बुवा म्हणाले होते, मग सकाळपासून पाणी बेतानं पी. एवढंच. सरलाताईंनी ते वाक्य मंत्रासारखं धरलं. कीर्तनाच्या दिवशी सकाळी एक पेला पाणी, मग संध्याकाळी प्रसाद घेईपर्यंत घोटसुद्धा नाही. मिरजेत ते खपलं. कोलकात्याच्या चैत्रात तीन तास उभं राहिल्यावर नऊवारी कमरेपर्यंत घामानं ओली होते, पंखा फिरतो तो गरम हवाच ढवळतो, तिथेही त्यांनी चाळीस वर्षं तेच चालवलं. श्यामकांतरावांना त्याचा केवढा अभिमान! "तीन-तीन तास, घोटभर पाण्याशिवाय!" असं ते मंडळात नव्या येणाऱ्या प्रत्येक बँकवाल्याला ऐकवत.

पण दुसरी एक गोष्ट श्यामकांतरावांनाही माहीत नव्हती. दोन वर्षांपासून सरलाताईंचे गुडघे बोलायला लागले होते. बस-स्टॉपजवळच्या औषधवाल्यानं एकदा एक गोळी दिली, "ए-टा खेये निन माशिमा, दौडोबेन." ही घ्या, धावायला लागाल, असं म्हणाला. आणि खरंच, त्या दिवशी पूर्वरंगापासून आरतीपर्यंत गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. मग प्रत्येक कीर्तनाआधी एक. मग सकाळी पूजेला बसायचं म्हणून एक. नवरात्रात रोज दोन, कधी तीन. गोळ्यांची पट्टी चिपळ्यांच्या पिशवीत. हे सांगितलं असतं तर घरात एकच ठराव झाला असता: आता कीर्तन बंद. म्हणून त्या "काही नाही" म्हणाल्या, आणि एकदा म्हटल्यावर ते मागे घेता येईना.

पाच दिवस सलाइन लावलं. चारचा आकडा तीनच्या खाली आला, लघवी वाढली, सूज उतरली. सगळे खूश. घरी आल्यावर सुरुचीनं त्यांच्या उशाशी मापाच्या खुणा असलेली पाण्याची बाटली ठेवली. सरलाताई पाणी प्यायच्या. सुनेच्या धाकानं का होईना, प्यायच्या. पण हॉस्पिटलात पडून पडून गुडघे आखडले होते, आणि पूजा काही चुकवायची नव्हती.

दहा दिवसांनी आकडा आला तीन पूर्णांक सहा.

डॉक्टर सान्यालांनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी सरळ सांगितलं. आत काय बिघडलंय ते बाहेरून कळत नाही. सुईनं मूत्रपिंडाचा धाग्याएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागेल. आत सगळं सुकून, वणासारखं घट्ट झालं असेल, तर डायलिसिसच्या तयारीला लागायचं. नुसती सूज असेल तर वाचवायला जागा आहे.

"आणि माझं कीर्तन?" सरलाताईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. श्यामकांतराव खिडकीकडे वळून चष्मा पुसायला लागले.

*

पालथं झोपवून, पाठ बधिर करून, खटकन आवाज करणाऱ्या सुईनं दोन तुकडे काढले. सरलाताईंनी तेवढा वेळ रामनाम घेतलं. नंतर आठ तास हलायचं नव्हतं, तेही निभावलं. चौथ्या दिवशी सुरुची कॉलेजातून घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "आई, उद्या सकाळी माझ्याबरोबर डिपार्टमेंटला चला. तुमची काच बघायला."

"काच?"

"तुमच्या मूत्रपिंडाचा तुकडा. रिपोर्ट आमच्या विभागप्रमुख लिहितायत, घरच्या माणसाचं मी लिहीत नाही. पण बघायला काय हरकत आहे?"

"वाईट आहे का गं?"

"मी सांगणार नाही. दाखवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मेट्रोनं माजेरहाटपर्यंत आणि पुढे टॅक्सीनं गेल्या. डिपार्टमेंटच्या खोलीत औषधांचा उग्र वास होता. भिंतीशी लाकडी टेबल, त्यावर दोन माणसांना समोरासमोर बसून एकच गोष्ट पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक. विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवलेला. सुरुचीनं उशी आणून सरलाताईंच्या पाठीशी लावली, डोळ्यांना बसेल अशी उंची केली.

"इथे डोळे लावा. चष्मा राहू दे."

आधी काहीच दिसेना, नुसत्या स्वतःच्या पापण्या. मग एकदम गुलाबी उजेड पसरला. गुलाल उधळल्यावर देवळाचा सभामंडप दिसतो तसा. त्यात जांभळे ठिपके, हजारो.

"अगंबाई!"

"तुम्हीच आहात त्या," सुरुची पलीकडून म्हणाली. "आता हिरवा बाण दिसतोय? त्याच्या टोकाशी गोल गुंडा आहे बघा, लोकरीचा असतो तसा."

"दिसला. भोवती पांढरं रिंगण आहे."

"ती गाळणी. सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांचं वेटोळं, आणि भोवती तिची वाटी. अशा दहा लाख एका मूत्रपिंडात. रक्त जोरानं इथे येतं आणि पाणी पाझरून वाटीत पडतं. दिवसाला किती पाझरत असेल, सांगा?"

"तांब्याभर? दोन तांबे?"

"एकशे ऐंशी लिटर."

सरलाताईंनी डोळे काढून सुनेकडे पाहिलं. "काहीतरीच काय! एवढं पाणी अंगात असतं का?"

"तेच तेच पुन्हा पुन्हा फिरतं. आणि लघवी होते दीड लिटर. मग बाकीचं कुठे गेलं?"

सुरुचीच्या आवाजात एक वेगळाच रंग चढला होता. सरलाताईंच्या ते लगेच लक्षात आलं. प्रश्न टाकायचा, श्रोत्याला क्षणभर लोंबकळत ठेवायचं, मग उत्तर द्यायचं. हे तर कीर्तनाचं अंग. बारा वर्षं ही मुलगी घरात आहे, कीर्तनाला येते ती मागच्या खुर्चीवर बसून मोबाइल बघते. आणि इथे ही रोज निरूपण करते!

"हसताय का?"

"काही नाही. तू सांग पुढं. बाकीचं कुठे गेलं?"

"हा बाण आता सरकवते. गुंड्याशेजारी नळ्या दिसतायत ना, आडव्या कापलेल्या बांगड्यांसारख्या? वाटीतून पाणी या नळीत येतं. नळी नागमोडी जाते, मग खोल खाली उतरते, वळण घेऊन परत वर येते, आणि शेवटी मोठ्या नळाला मिळते. या सगळ्या वाटेवर नळीच्या भिंतीतल्या पेशी एकच काम करतात. परत घेतात. साखर सगळी परत. मीठ जवळपास सगळं परत. पाणी, शंभरातले नव्याण्णव भाग परत."

"थांब थांब," सरलाताई म्हणाल्या. "म्हणजे मूत्रपिंड घाण शोधून बाहेर टाकत नाही?"

"तिथेच सगळ्यांचं चुकतं. पहिल्या वर्षाच्या पोरांचंही. गाळणीला चांगलं-वाईट कळत नाही. तिला फक्त लहान-मोठं कळतं. रक्ताच्या पेशी मोठ्या, त्या राहतात. लहान असेल ते सगळं ती सोडून देते, साखर, मीठ, कचरा, सगळं. मग नळी आपलं तेवढं ओळखून परत घेते. काही थोडा कचरा ती मुद्दाम ढकलते बाहेर, पण बहुतेक जे अनोळखी असतं, त्याला परत घ्यायला कुणीच पुढे येत नाही. म्हणून ते जातं."

त्यांनी आजवर वैराग्यावर किती निरूपणं केली असतील! हे सोडा, ते सोडा, अमकं वाईट, तमकं वाईट, अशी यादी वाचून दाखवली. आणि इथे त्यांच्याच पोटात कुणीतरी दिवसातून पन्नास-साठ वेळा सगळंच्या सगळं सोडून देत होतं, आणि आपलं ते तेवढं पुन्हा उचलून घेत होतं. देवा, ही तुझी रीत इतकी जवळ होती आणि मी बाहेर शोधत बसले, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी दाटून समोरचा गुलाल पुसट झाला.

"आता तुमचं," सुरुची म्हणाली. आवाजातला रंग उतरला. "या तुकड्यात गाळण्या सतरा. दोन जून होऊन बंद पडलेल्या, तुमच्या वयाला तेवढ्या असायच्याच. पंधरा छान. वण फारसा नाही. हे पहिलं ऐकून ठेवा, म्हणजे पुढचं ऐकताना घाबरायला होणार नाही."

"सांग."

"नळ्या बघा. निरोगी नळीच्या पेशी उंच असतात, आतल्या कडेला मखमलीसारखी बारीक दाटी असते, त्यानंच त्या पाणी ओढून घेतात. तुमच्या बघा."

सरलाताईंना मखमल कुठे दिसेना. बांगडीची कड चपटी, जागोजाग तुटलेली. काही पेशी भिंतीवरून सुटून नळीच्या मधोमध पडल्या होत्या, नाल्यात पालापाचोळा अडकतो तशा. दोन नळ्यांमध्ये जिथे जागाच नसायची, तिथे जांभळ्या ठिपक्यांची गर्दी.

"त्या गर्दीत लाल दाणे भरलेल्या पेशी आहेत बघा, हा बाण. ही पेशी सहसा एका कारणानं येते. एखादं औषध सोसलं नाही की." सुरुचीनं बाण तिथेच ठेवला. "सान्यालबाई मला रोज विचारतात, तुझी सासू काय घेते? मी रोज सांगते, काही घेत नाही, मला माहीत असतं ना घरात. परवा त्या म्हणाल्या, मग हा तिच्या शरीरानं स्वतःवरच धरलेला राग असेल, आपण मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड सुरू करू. सोमवारपासून."

सरलाताईंचे डोळे भिंगाला लागलेलेच होते. बरं झालं. सुनेचा चेहरा दिसत नव्हता.

"आणि हे शेवटचं," सुरुची म्हणाली. तिनं भिंग फिरवलं, चित्र जवळ आलं. "हे शोधायला मला काल संध्याकाळी दीड तास लागला. बाणाच्या टोकाशी. ती पेशी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसतेय?"

चपट्या, उघड्या पडलेल्या कडेवर एक पेशी फुगलेली होती. तिच्या मध्यात एक ठिपका असायचा त्याऐवजी दोन गडद काड्या होत्या, एकमेकींपासून जराशा सरकलेल्या.

"दोन झाल्यात तिच्या मध्ये."

"होतायत. ती विभागतेय. शेजारच्या मेल्या, म्हणून एकीची दोन होऊन जागा भरायला निघाली. सुई गेली त्या क्षणाला ती हेच करत होती. आई, सगळ्या गोंधळात ती एकटी कामाला लागलीय. आपण फक्त तिच्या वाटेत यायचं नाही. पण काय वाटेत येतंय तेच कळत नाही."

सरलाताईंना ती दोन काड्यांची पेशी सुटता सुटेना. आज सकाळी पूजेला बसण्याआधी त्यांनी गोळी घेतली होती. काल घेतली होती. सुई टोचली त्या दिवशीही घेतली होती. म्हणजे ही बिचारी दोन व्हायला धडपडत होती तेव्हा वरून—

"सुरुची."

"हं?"

"मी गोळी घेते."

पलीकडे खुर्ची करकरली. सरलाताई डोळे न काढताच बोलत राहिल्या. भिंगात बघत बोलणं सोपं जात होतं. "गुडघ्यांची. दोन वर्षं झाली. आधी कीर्तनापुरती, आता रोज. नवरात्रात तीन-तीन. आजही घेतलीय. आणि कीर्तनाच्या दिवशी मी पाणी पीत नाही. सकाळी एक पेला, बस्स. मध्ये उठावं लागू नये म्हणून. डॉक्टरीणबाईंना मी खोटं बोलले. तुलाही."

मग सुरुची म्हणाली, "कोणती गोळी?"

सरलाताईंनी पिशवीतून पट्टी काढून दिली. सुरुचीनं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. हसावं की रडावं असं तिला झालं असावं, कारण तिनं दोन्ही केलं.

"आई, तुम्ही ना... चैत्रात घाम, पाणी बंद, वरून ही! पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे जाणारी वाट आक्रसते. तेव्हा शरीर आतून एक रस सोडतं आणि ती वाट उघडी धरतं. ही गोळी नेमका तोच रस बंद पाडते! तोच! मी हे दर वर्षी परीक्षेत विचारते! आणि माझ्याच घरात, चिपळ्यांच्या पिशवीत!"

"ओरडू नकोस गं, बाहेर मुलं आहेत."

"असू देत! ऐकू देत! शिकतील!"

मग ती उठून या बाजूला आली आणि सासूच्या खांद्याला धरून उभी राहिली. "सोमवारी स्टेरॉइड नाही," ती म्हणाली. "आत्ता सान्यालबाईंना फोन करते. आणि बाबांना तुम्हीच सांगायचं."

श्यामकांतरावांनी ऐकलं ते जेवणाच्या टेबलावर. गोळ्यांचं ऐकून ते जेवत राहिले. पाण्याचं आलं तेव्हा मात्र त्यांनी ताट बाजूला सारलं. "पाण्याचं मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मी लोकांना कौतुकानं सांगत फिरलो. त्या दिवशी हॉस्पिटलात तू डोळे वटारलेस आणि मी गप्प बसलो. मी काय लहान होतो?"

"अहो, तुम्ही नेहमीच गप्प बसता. म्हणून तर पेटी बरी वाजवता."

त्यांना हसू आलं नाही. पण त्यानंतर रोज सकाळी सात वाजता ते स्वतः पाण्याचा तांब्या भरून आणायचे आणि ती पिईपर्यंत समोर उभे राहायचे, बोटीवरचा माल तपासल्यासारखे.

आकडा दर आठवड्याला खाली यायला लागला. तीन, दोन पूर्णांक चार, एक पूर्णांक नऊ. जूनच्या अखेरीला दीडवर येऊन थांबला. डॉक्टर सान्याल म्हणाल्या, पूर्वीइतका कदाचित कधीच व्हायचा नाही. काही नळ्या गेल्या त्या गेल्या. पण माशिमा, याच्यावर वीस वर्षं काढता येतात. गुडघ्यांसाठी शेक, व्यायाम आणि वरून लावायचं मलम. "और गाना?" सरलाताईंनी विचारलं. "गाइए," बाई म्हणाल्या. "पानी पी के गाइए. हर घंटे पानी, और जब जाना हो तब जाना. रोकना नहीं."

अट ऐकायला सोपी होती. सरलाताईंना ती रात्रंदिवस टोचत राहिली. पाणी प्यायचं म्हणजे मध्ये जावं लागणार. मध्ये जायचं म्हणजे गादी सोडायची. बुवा जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्यांचा "पाहुणा" हा शब्द काही गेला नव्हता. गुरुपौर्णिमेचं कीर्तन नको म्हणून सांगावं, असंही एकदा मनात आलं. मंडळाच्या उदयनं, तो तबल्याला असायचा, फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, उद्या कळवते.

दुसऱ्या दिवशी पूजा करताना त्यांनी रामासमोरच हा प्रश्न मांडला. उत्तर काही मूर्तीतून आलं नाही. पण तीर्थाची पळी ओठाला लावता लावता त्यांच्या डोळ्यांपुढे ती गुलाबी काच आली. सोडणं हे तर आत अहोरात्र चाललंय, आणि मी एक जागा सोडायला घाबरते! त्यांनी उदयला फोन केला. "येते. एक उंच स्टूल ठेव, उत्तररंगात बसेन. आणि माझ्याजवळ पाण्याचा तांब्या."

*

गुरुपौर्णिमेला हॉल भरला होता. बँकेतली माणसं, आयटीतली नवी पोरं, त्यांच्या आया. समोर पहिल्या रांगेत सुमनताई जोगळेकर, ऐंशीच्या घरात आलेल्या, एकही कीर्तन न चुकवणाऱ्या. सुरुची आज मागच्या खुर्चीवर नव्हती. तिसऱ्या रांगेत होती, आणि मोबाइल पर्समध्ये.

पूर्वरंगात सरलाताईंनी गुरूंना वंदन केलं आणि मूत्रपिंडावर निरूपण मांडलं. पहिल्या पाच मिनिटांत लोक एकमेकांकडे पाहायला लागले.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "आता संध्याकाळचे सहा वाजलेत. सकाळी सहापासून तुमच्या प्रत्येकाच्या पोटात नव्वद लिटर पाणी गाळून झालंय. कुणी पगार दिलात? कुणी रजा दिलीत? अहो, आभार तरी मानलेत?" आणि मग स्वतः जुळवलेला अभंगाचा चरण त्यांनी घोळवून घोळवून म्हटला:

सोडियेले सारे, काही न राखिले,
आपुले ते आले, माघारी गा।

उदयनं तबल्यावर हलकेच ठेका धरला. श्यामकांतरावांनी पेटीवर तिसरीच सुरावट लावली, पण आज सरलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या भिंगातल्या त्या एका पेशीचं वर्णन करत होत्या. आजूबाजूला सगळ्या पडलेल्या, आणि एक दोन व्हायला निघालेली. तिसऱ्या रांगेत सुरुची रुमाल शोधत होती.

मध्यंतराचा हार पडला. बुक्का लागला. उत्तररंगाचं आख्यान सुरू झालं. आणि ऐन रंगात, दरबार भरलेला, राजा सिंहासनावरून उठायच्या बेतात, सरलाताईंना जाणवलं की आता जायला हवं.

पहिल्यांदा त्यांनी जुनी युक्ती केली. श्वास खोल घेतला, पाय जुळवले, पुढचं वाक्य उचललं. राजा उठला. प्रधान बोलायला लागला. मग त्या मध्येच थांबल्या.

पेटी थांबली. श्यामकांतराव वर पाहत राहिले.

"मंडळी," सरलाताई म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा गादीवर त्यांचा आवाज कापला. "तुम्ही आज गुरुपौर्णिमेला मोठं मन करा. मला लघवीला जायचंय. डॉक्टरांनी थांबवून ठेवायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि थांबवून ठेवल्याचं काय झालं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. मी येईपर्यंत नाम चालू ठेवा. राजा काही पळून जात नाही."

मग श्यामकांतरावांनी भाता ओढला आणि स्वतः मोठ्यानं गजर उचलला, "राम कृष्ण हरी!" त्यांचा आवाज बेसूर होता, हा माणूस कधी गातच नसे. पण तो हॉलभर पोचला, आणि माणसं टाळ्या वाजवायला लागली.

सरलाताई पदर सावरत, हार गळ्यात तसाच, मागच्या दारानं व्हरांड्यात गेल्या. मोरीचं दार लावलं. भिंतीपलीकडून गजर येत होता, आता लयीत, दुगणीत. त्यांनी कान लावला आणि कसला कोण जाणे, भार उतरल्यासारखं वाटलं. बुवा, म्हणाल्या त्या मनात, रागवायचं तर रागवा. आत पोटात अहोरात्र कामं चालली आहेत. मी पाहुणी नाही, मी इथलीच.

हात धुऊन त्यांनी दार उघडलं, तर समोर सुमनताई काठी टेकून उभ्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. त्यांच्यामागे मंडळाच्या चिटणीसबाई. शेवटी एक आयटीतली मुलगी, ओशाळं हसत.

"तुम्हीही?" सरलाताई म्हणाल्या.

"तर काय!" सुमनताई म्हणाल्या. "तीस वर्षं तुमच्या कीर्तनात मांड्या आवळून बसतेय मी, सरलाताई. तुम्ही उभ्या, आणि मी उठू? कसं दिसलं असतं ते?"

"मीपण," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्याजणी फुटल्या. व्हरांड्यात एवढा हशा उसळला की आतला गजर एका मात्रेसाठी चुकला.

"सावकाश होऊ दे तुमचं," सरलाताई म्हणाल्या. "घाई नको."

त्या आत गेल्या, गादीवर उभ्या राहिल्या, तांब्यातलं पाणी घेतलं, आणि शेवटची बाई येऊन आपल्या जागी बसेपर्यंत टाळ वाजवत गजरात गात राहिल्या. मगच त्यांनी राजाला पुढचं पाऊल टाकू दिलं.